मामा तलावाकाठचा मंडप: एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात, तलावाकाठी शांत बसण्यासाठी आम्ही एक छोटा मंडप बांधला, त्याची ही हकिगत. गाव, कुटुंब, सहकारी संस्था यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. वास्तुरचनेचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे चुकलेले निर्णयही बहुतेक माझेच आहेत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात गावागणिक तलाव सापडतो. असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणकारांनी ते बांधले. उताराची जमीन हेरायची, खालच्या अंगाला मातीची पाळ घालायची, जास्तीच्या पाण्याला सांडवा ठेवायचा आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी सोडायला तुडूम नावाचं दार. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरं घेऊन लोकांनी त्यांना ‘मामा तलाव’ म्हणायला सुरुवात केली. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेच्या ताब्यात असतात. मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांकडे असते.

आमचा तलावही असाच. पाळेजवळ खोल पाणी, वरच्या अंगाला पसरट आणि उथळ. उथळ भागात कमळ, देवधान (रानटी भात), पाणकणीस. काठाने बेशरम या उपद्रवी तणाची झुडपं माजलेली. हिवाळ्यात बदकं उतरतात, कमळपक्षी तर बाराही महिने. पलीकडच्या बांधींमध्ये सारसाची एक जोडी अधूनमधून दिसते. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो जवळजवळ याच जिल्ह्यापुरता, त्यामुळे त्या जोडीचं नाव काढलं की गावात सगळेच आवाज खाली आणून बोलतात.

काम घेऊन आलेलं कुटुंब जुन्या मालगुजाराच्या वंशातलं. आता सगळे पुण्यात. आई गेल्यावर तिच्या नावाने काहीतरी करावं असं मुलांच्या मनात आलं. आई शेवटची काही वर्षं गावातच राहिली होती आणि रोज संध्याकाळी पाळेवर जाऊन बसायची. थोरला मुलगा सत्तरीचा, मौनाची शिबिरं केलेला. मी त्यांना काका म्हणायचे, इथेही तसंच म्हणते. त्यांचं म्हणणं साधं होतं: “आई जशी बसायची, तसं कुणालाही येऊन बसता यावं.”

त्यांची मागणी खरं तर या एका वाक्यात पूर्ण होती, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

मागणी आणि पहिला आराखडा

काकांनी सोबत फोटो आणले होते. एकात तळ्याच्या मधोमध सिमेंटचं आठ पाकळ्यांचं कमळ आणि तिथवर जाणारा पूल. दुसरा शिकागोच्या लिंकन पार्कमधल्या मंडपाचा. स्टुडिओ गँगने केलेला, २०१० मध्ये पूर्ण झालेला, कासवाच्या पाठीवरून सुचलेला वाकवलेल्या लाकडाचा आणि फायबरग्लासचा मंडप. तो मलाही फार आवडतो. पण तो शहरातल्या बागेत, तळ्याकाठच्या फिरण्याच्या वाटेवर उभा आहे. आपल्या तलावाचं पाणी वर्षभरात कुठून कुठे जातं, हा प्रश्न त्याच्यासमोर नव्हता. तो प्रश्न मीही विचारला नाही.

मी पहिल्यांदा जागा पाहिली ती मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. पाणी पाळेजवळ आक्रसलेलं, वरच्या अंगाची जमीन उघडी पडून भेगाळलेली. पाण्यापासून थोड्या अंतरावर, एका अर्जुनाच्या झाडाशेजारी, सपाट आणि टणक जागा मिळाली. समोर पाणी, मागे सावली. मी तिथेच उभी राहून वहीत पहिली रेघ ओढली.

सिमेंटचं कमळ मला नको होतं. त्याऐवजी मी सुगरणीचा खोपा घेतला: बांबूचा विणलेला, वर निमुळता, खाली फुगीर, चार फूट उंच खांबांवर उभा. काकांना तो एका बैठकीत पटला. जूनमध्ये आराखडे तयार झाले. मला तेव्हा वाटत होतं, निम्मं काम झालं.

अडचण

आराखडा दाखवायला ग्रामपंचायतीत बैठक ठेवली. सरपंच, सदस्य, मासेमारी संस्थेचे पदाधिकारी आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या ढिवर बाया. नकाशा पाहून पुरुष मंडळी “चांगलं हाय” म्हणाली. बायांमधल्या एक वयस्कर बाई, त्यांना सगळे मावशी म्हणत, उठून पुढे आल्या, नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, “मॅडम, इतं तर भादव्यात मानूस बुडते.”

मी म्हटलं, खांब चार फुटांचे आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. बैठक संपल्यावर मला त्या अर्जुनापाशी घेऊन गेल्या. खोडावर गाळाची करडी रेघ होती, जवळजवळ माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर. टेपने मोजली तर जमिनीपासून साडेपाच फूट. मेमध्ये मी त्याच झाडाला टेकून डबा खाल्ला होता, आणि ती रेघ तेव्हाही तिथेच होती.

या भागात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तलाव भादव्यापर्यंत भरतो, पावसाने ओढ दिली की धानासाठी तुडूम उघडतात, मग पाणी उतरू लागतं. उघडी पडलेली जमीन रिकामी राहत नाही. तिथे काही घरं गाळपेर करतात, म्हणजे ओलीवर भाजीपाला, वाल, काकडी. ज्या सपाट जागेवर मी खोपा काढला होता, ती दोन कुटुंबांची गाळपेराची जागा निघाली. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, पण पिढ्यांची वहिवाट आहे.

मावशींनी आणखी एक गोष्ट त्याच दिवशी सांगितली. पहाटे डोंगे (लहान होड्या) जिथे लागतात, जाळी झटकतात, मासे निवडतात, तो घाट त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होता. “तुमी डोळे मिटून बसाल, आमी बडबड करू. मंग कोनाले उठवाल?”

या प्रश्नाने माझी झोप उडाली. तेव्हापर्यंत ‘ध्यान’ म्हणजे आजूबाजूला कुणी नसणं, असं मी धरून चालले होते. या गावात कुणी नसलेली जागा हवी तर कुणालातरी हटवावं लागणार होतं. आणि हटवणार कोण, तर ज्या घराण्याचा एकेकाळी हा तलाव होता, त्याच घराण्याचा पैसा. ही गोष्ट बैठकीत कुणी बोललं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती.

कायद्याचा पेच

पाणथळ जागांसाठीचे २०१७ चे नियम सांगतात की आधीच्या दहा वर्षांत दिसलेल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करू नये. होडीच्या धक्क्यांना तेवढी सूट. पण त्याच नियमांच्या व्याख्येत सिंचनासाठी खास बांधलेले तलाव धरलेलेच नाहीत. मामा तलाव बांधलेलाच सिंचनासाठी. त्यामुळे एका सल्लागाराचं म्हणणं होतं की ५० मीटरचा विचार करायची गरजच नाही. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या, उपग्रह नोंदीतल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला आहे. आपला तलाव कुठल्या खणात बसतो, यावर दोन जाणकारांची दोन मतं मिळाली.

मी ठरवलं की पळवाट आहे का, हे शोधत बसायचं नाही. ५० मीटर हे अंतर कुणाच्या मनात सहज आलेलं नसतं. उथळ काठ हाच तलावाचा सर्वांत जिवंत भाग. मरळ माशाची पिल्लं तिथे वाढतात, पाणपक्षी तिथेच चरतात. नियम लागू असो वा नसो, आम्ही तो पाळायचा, हे मी काकांना लेखी कळवलं. या एका निर्णयाने पुढचे बरेच वाद वाचले. आजही मला तो सगळ्यात बरोबर वाटतो.

समोरचे पर्याय

पाण्यातच बांधायचं, म्हणजे काकांचा मूळचा पर्याय. काँक्रीटचे खांब, पूल, वर मंडप. मासेमारी संस्थेतल्या काही पुरुषांना तो आवडला होता, पर्यटक येतील म्हणून. पण पुलावरून दिवसभर माणसं ये-जा करू लागली तर उथळ भागातली बदकं उतरणारच नाहीत. शिवाय जाळं ओढायचं पाणी पुलाने दुभंगणार. हा पर्याय लवकर बाद झाला.

पाळेवर बांधायचं. दृश्य सुरेख, वाट तयार, आई बसायची ती जागाही तीच. मीसुद्धा महिनाभर याच पर्यायापाशी घुटमळत होते. पण पाळ म्हणजे मातीचं धरण. तिच्यात पायाचे खड्डे घेतले की पाझराला वाट मिळते, आणि पाझर एकदा सुरू झाला की तो आपल्या डोळ्यांदेखत वाढत नाही. आत माती वाहून जात असते आणि एखाद्या पावसाळ्यात भगदाड पडतं. खाली बांधी आहेत, घरं आहेत. लघुसिंचनाच्या अभियंत्यांनी नकार दिला. मला वाईट वाटलं, तरी त्यांचं बरोबर होतं.

पाळ जिथे नैसर्गिक जमिनीला मिळते, त्या टोकाला मुरमाड उंचवटा होता. भादव्यातल्या पाण्यापासून ७० मीटर दूर. झुडपं वाढलेली, कुणाची वहिवाट नाही, जमीन गावठाणाची. अडचण एवढीच की तिथून पाणी दूर दिसायचं, आणि उन्हाळ्यात तर पाण्याची नुसती चकाकती पट्टी.

आणि शेवटचा पर्याय होता काहीच न बांधण्याचा. बेशरम काढायचं, अर्जुनाखाली दोन दगडी बाकं ठेवायची, उरलेले पैसे देवधान आणि कमळ परत लावायला द्यायचे. हा पर्याय मी बैठकीत मांडला, पण पुरेशा ताकदीने मांडला नाही. वास्तुरचनाकाराने ‘बांधू नका’ म्हणायचं तर पोट कशावर भरायचं, हा विचार मनात होता हे मान्य करते. निधीच्या निम्म्या रकमेचं त्या धर्तीवर काम झालं, ते काकांच्या धाकट्या बहिणीमुळे. त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि पहिल्यापासून याच बाजूच्या होत्या.

वर्षभर थांबणं

उंचवटा नक्की केल्यावर मी एक वर्ष मागून घेतलं. काका नाराज झाले. त्यांना आईच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला मंडप उभा हवा होता. मी त्यांना अर्जुनावरची रेघ दाखवायला घेऊन गेले. ते बराच वेळ तिथे उभे होते. मग म्हणाले, “आम्ही लहानपणी या फांदीवरून पाण्यात उड्या मारायचो. मी विसरलोच होतो.” वर्ष मिळालं.

त्या वर्षात दर महिन्याला एक दिवस आणि एक रात्र मी तिथे काढली. मावशींच्या नातीने दर अमावास्येला आणि पौर्णिमेला पाण्याच्या कडेला खुंटी ठोकायचं काम घेतलं. वर्षाअखेर खुंट्यांच्या रांगेने तलावाचा श्वास जमिनीवर उमटला होता.

याच काळात खोप्याबद्दलचं माझं मत बदललं. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठच्या शिंदीवर सुगरणींची वसाहत होती. मी खोप्यांचा आकार चितारत बसायचे. एकदा सहज होकायंत्र काढलं, तर बहुतेक खोपे झाडाच्या पूर्वेच्या अंगाला. पक्षिशास्त्रात हे नोंदलेलं आहे: पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, सुगरण झाडाच्या आडोशाला विणते. खोप्याकडून घ्यायचं ते हेच होतं, कुठल्या बाजूला पाठ करायची ते. आकार ही त्यानंतरची गोष्ट, आणि तो आकार माणसाच्या अंगाला बसत नाही. सारसाचं घरटंही तेच शिकवत होतं. बांधीतल्या पाण्यात पाणवनस्पतींचा ढीग, दिसायला ओबडधोबड, पण पाणी चढलं तर जोडी त्याच्यावर आणखी भर घालते. पुन्हा पुन्हा भर घालता येईल असं बांधायचं, एवढं मी तिथून उचललं.

विणलेला फुगा मी कागदावरून पुसून टाकला. मनाला लागलं, कारण तो माझ्या हातून उतरलेल्या सुंदर चित्रांपैकी एक होता.

प्रत्यक्ष काम

मंडप साधा चौकोनी आहे, साधारण १८ फूट बाय २४ फूट. नैर्ऋत्येला आणि पश्चिमेला मातीची जाड भिंत, दक्षिणेला बांबूचा ताट्या, उत्तरेला पूर्ण उघडा. पूर्वेकडे उघडलं असतं तर सकाळी पाण्यावरून येणारी तिरीप डोळ्यांत गेली असती. उत्तरेकडे तोंड केल्याने सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांवर उजेड पडतो. पाणी दूर असल्याची अडचण सोडवली ती छपराने. समोरचं छप्पर इतकं खाली आणलं की उभ्या माणसाला समोर फक्त गवत दिसतं. खाली बसलं की नजर छपराच्या कडेखालून सरळ पाण्यावर जाते. इथे बसावंच लागतं. ‘शांतता राखा’ अशी पाटी आम्ही लावली नाही.

बांबूचं काम जवळच्या गावातल्या बुरूड कुटुंबाने केलं. खांबांना कटांग जातीचा बांबू, कैच्यांना आणि ताट्याला मानवेल जातीचा. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडला. घुण लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवायचं ठरलं, आणि तिथे एक प्रश्न आला: वापरून झालेलं द्रावण टाकायचं कुठे? बोरॉन जास्त झालं की वनस्पतींना बाधतं. तलावाच्या उताराकडे एक थेंबही जाऊ द्यायचा नव्हता. शेवटी तलावाच्या पाणलोटाबाहेर, बुरूडांच्याच अंगणात, जाड प्लास्टिक अंथरून हौद केला, द्रावण पुन्हा पुन्हा वापरलं आणि उरलेलं पिंपात भरून त्यांच्याच पुढच्या कामाला ठेवलं. खांब जमिनीत पुरले नाहीत. वाळवीपासून आणि ओलीपासून दूर राहावेत म्हणून दीड फुटी दगडी उथळ्यांवर उभे केले.

छपरावर सर्वांत जास्त चर्चा झाली. पत्रा स्वस्त, पण मेमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा त्याच्याखाली बसवत नाही, आणि पावसात तर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, छप्पर दर वर्षी बदलावं लागतं. कवेलू उत्तम, पण वानरं उड्या मारून फोडतात. गावातल्या निम्म्या घरांनी त्याच कंटाळ्याने कवेलू उतरवून पत्रे घातले होते. आम्ही कवेलूच घेतले, खाली बांबूची चटई आणि मातीचा थर दिला, आणि मंडप मोहाच्या झाडापासून इतका सरकवला की फांदीवरून थेट उडी बसू नये. यामुळे सावली थोडी गेली.

वीज घेतली नाही. काकांना दिवे हवे होते, निदान सौर. पण विजेच्या तारांना लागून सारस मेल्याच्या घटना जिल्ह्यात घडल्या आहेत, आणि रात्रीचा उजेड किडे ओढतो, किड्यांमागे सगळी साखळी विस्कटते. अंधारात तिथे बसण्यात काय आहे, ते मी एकदा काकांना दाखवलं. बेडकांचा आवाज, दूरवर एखादा टिटवीचा, आणि डोळे सरावल्यावर पाण्यावर उतरलेलं आभाळ. दिव्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

कामाचे महिने पक्ष्यांनी ठरवून दिले. हिवाळी पाहुणे परतल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी सुरू करायचं आणि मृगाच्या आधी थांबायचं, कारण पावसाळा हा सारसाच्या विणीचा काळ. एका हंगामात काम संपलं नाही. दोन लागले. मधला पावसाळा अर्ध्या भिंती ताडपत्रीखाली झाकून काढला.

एक चुकलेली वाट

मंडप दूर असल्याची रुखरुख माझ्या मनातून गेली नव्हती. म्हणून मी त्यात एक भर घातली: मंडपापासून उतारावर बांबूची, हंगामापुरती काढता-घालता येणारी पायवाट, आणि टोकाला उथळ पाण्यात एक छोटं मचाण. कायमचं बांधकाम नाही, त्यामुळे नियमाला धक्का नाही, असं मी स्वतःला समजावलं.

पहिल्याच हिवाळ्यात चूक कळली. मचाणाच्या आसपासच्या कमळांमध्ये कमळपक्षी यायचे थांबले. अडई आणि हळदीकुंकू बदकं पलीकडच्या काठाला सरकली. मंडपात बसणाऱ्या माणसासमोरचं पाणी रिकामं झालं, आणि ते माझ्या पायवाटेने रिकामं केलं होतं. जानेवारीत आम्ही ती उचलली. बांबू गाळपेराच्या कुंपणाला गेले. पुढच्या हिवाळ्यात पक्षी परत आले.

या भागाबद्दल मी स्वतःवर सर्वांत जास्त रागावले आहे. खुंट्यांची वर्षभराची रांग माझ्याकडे होती, पक्षी कुठे चरतात याच्या नोंदी होत्या. तरीही पाण्याच्या आणखी जवळ जाण्याचा मोह आवरला नाही.

आज काय परिस्थिती आहे

मंडप होऊन तीन पावसाळे झाले. पहाटे मासे निवडून झाले की ढिवर बाया तिथे चहा घेऊन बसतात. दुपारी भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं असतात. काका हिवाळ्यात महिनाभर येतात आणि सकाळी मौन बसतात, घाटावरच्या जाळ्यांच्या झटकण्यासकट. पहिल्या वर्षी त्यांनी मला फोन करून विचारलं होतं, बायांना तासभर उशिरा यायला सांगता येईल का. मी म्हटलं, मासे थांबणार नाहीत. तो विषय आमच्यात थोडा कडवट झाला. नंतर त्यांनी स्वतःच वेळ बदलली की त्या आवाजाची सवय झाली, ते मी विचारलेलं नाही.

देखभालीसाठी कुटुंबाने ठेव ठेवली आहे. तिच्या व्याजातून बायांच्या गटाला सारवण, छपराची डागडुजी आणि बेशरम काढण्याची मजुरी मिळते. देवधानाने उथळ भागात चांगलं मूळ धरलं आहे. वानरांनी पहिल्या वर्षी वीसेक कवेलू फोडले, म्हणजे मोहापासूनचं अंतर पुरेसं नव्हतं.

पाटीचा वाद मिटलेला नाही. कुटुंबाला आईचं नाव घराण्याच्या नावासह दगडावर हवं आहे. गावातल्या काहींना घराण्याचं नाव तलावावर परत नको आहे. आईच्या नावाला कुणाचीच हरकत नाही. तिला पाळेवर बसलेलं पाहिलेली माणसं अजून आहेत. तिच्या पहिल्या नावाची, आडनावाशिवायची पाटी मी सुचवली. काकांनी विचार करतो म्हटलं, त्याला दीड वर्ष झालं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली भेट मेमध्ये घेणारच नाही. घेतलीच तर वही घरी ठेवून जाईन. पाणी सर्वांत जास्त असताना आणि सर्वांत कमी असताना, दोन्ही वेळा जागा पाहिल्याशिवाय कुटुंबाला एकही चित्र दाखवणार नाही. एकदा दाखवलेलं चित्र मनातून काढायला फार वेळ लागतो. काका अजूनही कधीकधी ‘तो खोपा’ म्हणतात.

बैठक पंचायतीत घेण्याआधी घाटावर घेईन, पहाटे. पंचायतीच्या खोलीत बाया भिंतीला टेकून बसतात. मावशी उठल्या म्हणून काम वाचलं, पण एखाद्या बाईच्या उठण्यावर आराखडा अवलंबून असावा, ही माझ्या पद्धतीतली खोट होती.

काहीच न बांधण्याचा पर्याय पहिल्या दिवशी, पहिल्या पानावर, खर्चासकट मांडेन. आमच्या कामात तो निम्मा तरी आला. दुसऱ्या एखाद्या तलावावर तोच पूर्ण योग्य ठरू शकेल.

मातीची भिंत मी नैर्ऋत्येला आणखी दोन हात पुढे नेली असती. आता त्या कोपऱ्यातला कटांगचा एक खांब झोडपणाऱ्या पावसाने काळा पडला आहे. येत्या फेब्रुवारीत तो बदलायचा आहे. बुरूडांनी दिवाळीनंतर बांबू तोडून ठेवला आहे, आणि उथळा तोच राहील.